पुतळा वाळेपर्यंत

१४ जानेवारी १९८४, संक्रांत

पाटलांकडून हळदीकुंकवाचं बोलावणं. दरवर्षीसारखं, अर्धवट. पोरगी दारात उभी राहून म्हणते, "बाई, आईनी बलायेल शे," आणि मी हो म्हणायच्या आत पळून जाते.

गेले. पाटलीणबाईंचं कुंकवाचं बोट माझ्या कपाळाशी येऊन थांबलं. थोडंसंच. मग टेकलं. त्या थांबल्या ते मी पाहिलं, आणि मी पाहिलं ते त्यांनी पाहिलं. दोघी हसलो. तीळगूळ चिकट झाला होता, दाताला बसला.

सरकारात मी विधवा, घरात सवाष्ण. बारा वर्षं हेच चाललंय. पेन्शन घ्यायला एक बाई जाते आणि वाण घ्यायला दुसरी. दोघींची चप्पल तेवढी एकच.

१७ जानेवारी

बापूने (धाकटा दीर) आज विषय काढलाच. मी भाकरी वाढत होते. बापू म्हणाला, "आबा, बारा वरीस व्हयनात. आते पुतया करी टाकानं."

म्हणजे पुतळा. माणूस परागंदा झाला, बारा वर्षं आला नाही, की पळसाच्या पानांचा माणूस करायचा, डोक्याच्या जागी नारळ ठेवायचा आणि त्याला अग्नी द्यायचा. मग तो माणूस गेला असं धरायचं.

आबांनी (सासरे) घास तोंडातला तोंडात ठेवून विचारलं, "कोना पुतया?"

बापूने तांब्या तोंडाला लावला. शोभा, बापूची बायको, ताटात बघत बसली. आबा उठले, हात धुतला, होडीकडे गेले. अर्धी भाकरी तशीच. मला राग आला. बापूचा नाही, भाकरीचा. इतकी छान फुगली होती.

१८ जानेवारी

काल हि.बद्दल लिहायचं टाळलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही असं सासूबाईंनी पहिल्याच दिवशी दटावलं होतं. त्या जाऊन सहा वर्षं झाली, तरी मी इथेसुद्धा हि. एवढंच लिहिते. सवय.

हि. सोळाव्या वर्षी धुळ्याला नेव्हीत भरती झाले. कारण काय, तर पोहण्यात पहिला नंबर. भोयाच्या पोराला तापीने शिकवलेलं तेवढंच. दहा वर्षांनी सुटून घरी आले, पुन्हा जाळं हातात घेतलं. लग्न झालं. मी अठराची, यावलची, केळीच्या बागेतून थेट नदीवर. मला मासा साफ करता येत नव्हता. सगळं घर हसायचं, हि. सोडून. ते स्वतः करून द्यायचे, गुपचूप.

राखीव म्हणून त्यांचं नाव तिकडे होतंच, हे घरात कोणी ध्यानात ठेवलं नव्हतं. एकाहत्तरात लढाईचं वारं सुटलं आणि तार आली. हि. नदीत होते. आबांनीच काठावरून हाका मारून बोलावून आणलं. तार चार महिने उशिरा आली असती तर... जाऊ दे. डिसेंबरात जहाज बुडालं. कोण मेलं ते सांगितलं गेलं, कोण सापडलं नाही तेही सांगितलं गेलं. हि. दुसऱ्या यादीत. "बेपत्ता" हा शब्द आबांनी पाटलांकडून तीनदा वाचून घेतला आणि खूश होऊन घरी आले. मेला म्हणत नाहीत ना, मग झालं. पुढे सरकारने मृत धरून पेन्शन लावली, ते त्यांनी मानलं नाही.

कैदी सुटून आले तेव्हा आबा मुंबईला जाऊन आले. एकटे, एक धोतर घेऊन. परत आले तेव्हा पाय सुजलेले होते. एवढंच म्हणाले, "त्यास्मा नही."

आणि पुढच्या पावसाळ्यात माझी ट्रंक डोक्यावर घेऊन मला धुळ्यात देवपूरला डी.एड.ला सोडून आले. लोक म्हणाले, सून हातची जाईल. आबा म्हणाले, "जाऊ द्या." हेही लिहून ठेवायला हवं. नाहीतर मी नुसती त्यांच्यावर चिडलेलीच दिसायची.

२९ जानेवारी, देवपूर

शिक्षकांचं शिबिर. तीन दिवस बाकावर बसून गणित कसं शिकवावं हे ऐकायचं. मोरे सर होते. मागच्या वर्षीच्या शिबिरातही होते. धुळ्यातच भोई गल्लीत जन्म, वडील गिरणीत होते. बायको बाळंतपणात गेली, मूलही गेलं. हे ते स्वतः सांगत नाहीत, बाकीच्या बायका सांगतात, मला मुद्दाम ऐकू येईल अशा.

मो. सर बशीतून चहा पितात, आवाज करून. मी म्हटलं, "सर, पांझरेला पूर आला की काय." त्यांना ठसका लागला. सगळा चहा शर्टावर.

उगाच छान वाटत राहिलं दिवसभर.

९ फेब्रुवारी

पुलाजवळ धुळ्याच्या कॉलेजातला मुलगा बुडाला. सहलीला आले होते. दुपारी पोलिसांची जीप आबांना न्यायला आली. सगळ्या तापीकाठाला माहीत आहे, बुडालेलं माणूस काढायला आबाच लागतात. वय झालं तरी.

आबांनी दिवसभर गळ टाकले, बुड्या मारल्या. मिळाला नाही. मुलाची आई काठावर. आबा तिच्याशी बोलले नाहीत, फक्त जाताना म्हणाले, "तिसरे दिन देस ती. नदी ठेवस नही कोनले."

११ फेब्रुवारी

तिसऱ्या दिवशी दिलाच. खालच्या डोहात, बाभळीच्या मुळीत. मी शाळा सोडून गेले होते, मुलांनी सुट्टी मागितली आणि मीही दिली. आबांनी त्याला एकट्याने बाहेर आणलं, वाळूवर ठेवलं, खांद्यावरच्या पंच्याने त्याचं तोंड पुसलं. नाकातली रेती काढली. मग आईकडे वळून म्हणाले, "तुना पोऱ्या आनेल शे, माय."

ती बाई आबांच्या पायावर पडली. रडत होती, पण कालच्यासारखं नाही. कालचं बघवत नव्हतं.

आबा या कामाचे पैसे घेत नाहीत. नारळ घेतात, तो नदीत सोडतात. घरी येऊन आंघोळ केली, ओट्यावर बसले. बापूला तीच वेळ सापडली. पुन्हा पुतळा. मला वाटलं आता चिडतील. चिडले नाहीत. शांतपणे म्हणाले, "नदी तिसरे दिन देसच. समुद्र काब्र देस नही?" समुद्र का देत नाही, हे बापूला विचारत होते. मग म्हणाले, "ज्याले मी काढं नही, त्याले आग कशी देवानी?"

आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं काढून दिली. आपलं कोणी काढून दिलं नाही. त्यांचं अडलंय ते इथे. मला आज कळलं. बारा वर्षं एका चुलीवर जेवून आज.

२ मार्च, धुळे

पेन्शन. एस.टी. स्टँडवरच्या नळाशी कुंकू पुसलं, मंगळसूत्र पदराखाली. नेहमीसारखं. खिडकीतला कारकून नवा होता. पुनर्विवाह केलेला नाही यावर सही घेताना म्हणाला, "बाई, कपाळावर अजून थोडं राहिलंय." बोटाने दाखवलं. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं.

बाहेर आले तर मो. सर सायकल घेऊन उभे. शाळेच्या कामाला आले होते म्हणे. त्या ऑफिसात शाळेचं कोणतं काम असतं? उसाचा रस घेतला. त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं. सरळच विचारलं. आडवळण नाही, कोणा मावशीमार्फत नाही. "माझ्याशी लग्न कराल का?"

मी म्हटलं, "मी सवाष्ण आहे."

ते म्हणाले, "मग आत्ता आत काय सही करून आलात?"

मी ग्लास ठेवला आणि निघाले. गाडीत बसल्यावर कळलं की कुंकू लावायचं राहिलं. बोरीस फाट्यापर्यंत तशीच. कोणी बघितलं नाही. खिडकीच्या काचेत मीच बघत होते, मोकळं कपाळ कसं दिसतं ते.

९ मार्च

मो. सर डोक्यात. मुलांच्या वह्यांत चुकीची गणितं बरोबर देत सुटले आहे.

सोप्पं काही नाही यात. हो म्हटलं तर आबांच्या तोंडावर म्हणायचं की तुमचा मुलगा मेला. पळून जाऊन नोंदणी करता येते, सरकारला काय, त्यांच्या लेखी मी केव्हाची विधवा. पण या घरातून मी सवाष्ण म्हणून निघून दुसऱ्याच्या घरात शिरले तर आबांना नदीवर कोणी तोंड दाखवू देणार नाही. म्हणतील, जिवंत नवऱ्याची बायको पळाली. त्यांनीच त्याला जिवंत ठेवलाय ना.

आधी आबांनी त्याला मरू दिलं पाहिजे. हे वाक्य लिहून घाबरले. पण तसंच आहे.

होळी

बोलून गेले.

पोळ्या झाल्या, होळी पेटली, आबांनी दरवर्षीप्रमाणे नैवेद्यातली एक पोळी हि.साठी बाजूला काढून शिंक्यात ठेवली. दरवर्षी ठेवतात, दुसऱ्या दिवशी कुत्र्याला जाते. मी शिंक्यातून ती काढली आणि शोभाच्या ताटात टाकली. शोभाने हात मागे घेतला.

आबा म्हणाले, "काय करस?"

मी त्यांच्याच बोलीत बोलले. यावलची बोली ओठावर आलीच नाही. "आबा, माले मोकळं करा आते."

"तुले कोनी बांधेल शे?"

"तुम्हीच. त्यास्ले जित्ता ठेवीसन."

आवाज चढला होता माझा. मग मो. सरांचंही सांगितलं. नाव, गाव, गल्ली, सगळं. भरभर, मुलं पाढे म्हणतात तसं, मध्ये थांबलं तर विसरू म्हणून. बापू उठून बाहेर गेला. आबा ऐकत राहिले. ती पोळी ताटात तशीच पडली होती, तुपाने थिजलेली.

आवाज चढवायला नको होता. पण खोटं नाही बोलले.

२१ मार्च

आबा माझ्याशी बोलत नाहीत. चहा दिला की घेतात. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

शोभा आज म्हणाली, "ताई, तुमी जाशात तं माले गंज एकलं लागी." (फार एकटं वाटेल.) मला वाटायचं तिला मी नकोच आहे घरात. माणसाचं काही कळत नाही.

२६ मार्च

सकाळी अंगणात सडा टाकत होते. आबा माझ्या मागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "मो... काय नाव त्या मास्तरनं?" सांगितलं. म्हणाले, "हां." नदीवर गेले. संध्याकाळी बापूला म्हणाले, "भटले सांगी ये."

बापूला खरंच वाटेना. तो उभाच. मग आबांनी अट घातली: "पन मी पहिले त्याले पानीम्हाईन काढसू. मंग आग."

बापूने माझ्याकडे बघितलं. कोणाला? पानांच्या माणसाला? आबा म्हणाले, हो, त्यालाच. काढल्याशिवाय अग्नी आपण कोणाला दिला नाही, यालाही देणार नाही.

मी आत गेले आणि रडले. आनंदाने की कशाने, ठाऊक नाही. सुटका होणार म्हणून हलकं वाटत होतं, आणि त्यांना हे करायला लावलं म्हणून स्वतःचा संताप येत होता. दोन्ही एकदम.

७ एप्रिल

बापू सातपुड्याकडे पळसाची पानं आणायला गेला होता. मागच्या महिन्यात गेला असता तर नुसती फुलं मिळाली असती, पानं सगळी झडलेली. आता कोवळी पालवी आली आहे. भटजींनी शेवटच्या आठवड्यातला दिवस दिला, म्हणजे आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आत सगळं पार पडेल. आखाजीला मग हि.च्या नावाने घागर भरता येईल. गावात प्रत्येक घरी गेलेल्यांच्या घागरी भरतात. आमच्याकडे आजोबांची, सासूबाईंची. त्यांच्या मुलाची कधी नाही.

२६ एप्रिल

संध्याकाळ. अंघोळ झाली. सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी डोहाजवळ वाळूवर जमलो. बायका घाटावर जात नाहीत, भटजी म्हणालेच तसं. आबा म्हणाले, "तीबी येई." झालं. भटजींनी पळसाची पानं दर्भाने बांधत माणूस केला. हात, पाय, छाती. नारळाचं डोकं. पांढरं वस्त्र गुंडाळलं. हि. उंच होते. पुतळा आखूड झाला.

मंत्र झाल्यावर भटजींनी तो चितेवर ठेवायला सांगितला. आबांनी उचलला आणि पाण्याकडे चालू लागले. भटजी, "अहो आबा, अहो..." बापूने त्यांना धरून ठेवलं. नारळ आणि पानं, बुडणार कशी? आबांनी त्याचा विचार केला होता. जाळ्याची शिशाची वजनं आणली होती कमरेला बांधून. ती पुतळ्याच्या पायाला, छातीला बांधली. होडीतून मधोमध गेले आणि सोडला. बुडाला.

आबा होडीत बसून राहिले. पाण्याकडे बघत. मला वाटलं, आता तीन दिवस बसतात की काय. मग त्यांनी सदरा काढला आणि उडी टाकली.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एक बुडबुडा नाही. बापूने धोतर खोचलं. मला एकदम कळलं की म्हातारा परत येणारच नाहीये, त्यालाच तर जायचं होतं, मुलाच्या मागे, बारा वर्षं वाट बघत होता आणि मीच त्याला रस्ता करून दिला. मी ओरडले. "आबा!" नदीभर आवाज गेला. मी गुडघाभर पाण्यात होते, मला पोहता येत नाही.

आले. आधी पांढरं वस्त्र वर आलं, मग त्यांचं डोकं. वजनं तळाशीच सोडून, छातीशी धरून आणला, एका हाताने पोहत. वाळूवर ठेवला. धाप लागली होती. तशा धापेतच खांद्यावर पंचा नाही हे त्यांच्या लक्षात आलं, तर धोतराचं टोक पिळून त्याने नारळ पुसला. सगळीकडून. मग माझ्याकडे वळले. मला वाटलं, त्या मुलाच्या आईला म्हणाले तेच वाक्य म्हणतील. म्हणाले नाहीत. फक्त मान हलवली. मीही.

चितेवर ठेवला. आबांनी अग्नी दिला. धूर. नुसता धूर.

भटजी कपाळावर हात मारून म्हणाले, "अहो, ओली पानं जळतील कशी?" खरंच की. आबांनी वजनांचा विचार केला, बुडीचा केला, याचा केलाच नव्हता. आयुष्यात त्यांनी काढलेली माणसं ओलीच जळाली, पण त्यांना भरपूर लाकडं असायची. इथे पानांच्या माणसाला सूपभर काटक्या. आबा इतके ओशाळले की बघवेना. बापू रॉकेलचा डबा घेऊन आला, तर भटजी असे ओरडले की कुत्री उठून पळाली.

मग काय, वाळत घातला. चितेवरून उतरवून उन्हात, गरम वाळूवर. वस्त्र बाभळीवर पसरलं. एप्रिलचं ऊन, पण आतला दर्भ ओला होता. मध्येमध्ये आबा उठून त्याला उलटवायचे, शोभा गच्चीवर कुरडया उलटवते तसं. भटजी सावलीला आडवे झाले. शोभाने घरून चहा आणला, मग शेजारच्या होडीवाल्यांनी डांगरं, म्हणजे खरबुजं, आणली. बसायचंच आहे तर खा.

आणि लोक बोलायला लागले. बारा वर्षं हि.बद्दल या गावात कोणी मोकळं बोललं नव्हतं. जिवंत म्हणावं तरी पंचाईत, मेला म्हणावं तरी. आज तो समोर वाळत पडला होता तर सगळ्यांची जीभ सुटली. लहानपणी वाळूतल्या वाडीतून डांगर चोरून डोक्यावर धरून पोहत पलीकडे जायचा, आणि मालक काठावर नाचायचा. नेव्हीतून आल्यावर पोलीस पाटलाला असा कडक सलाम ठोकला की पाटलाने घाबरून त्यालाच उलट सलाम केला. लोट्यात निखारे घालून लुंगीला इस्त्री करायचा. लुंगीला!

मग मी बोलले. सगळे पुरुष बसलेले, तरी बोलले. म्हटलं, लग्नानंतर त्यांना झोपच यायची नाही, जमीन हलत नाही म्हणून. बाजेला दोरी बांधून मला ओढायला लावायचे. मी ओढता ओढता झोपायचे आणि मग हे जागे.

आबा हसले. हातातली डांगराची फोड खाली पडली इतके हसले. हसता हसता डोळे पुसायला लागले आणि मग ते हसू राहिलं नाही. कोणी त्यांना थांबवलं नाही.

मीही तेव्हाच रडले. त्या माणसासाठी पहिल्यांदा. जिवंत माणसासाठी रडायची सोय नसते. बाराही वर्षं आत कोंबून ठेवलेलं होतं आणि मला वाटायचं, एवढ्याशा संसारात रडण्यासारखं काय होतं? होतं. मासा गुपचूप साफ करून द्यायचा तो. माझ्या बोटाला काटा लागू नये म्हणून.

ऊन कलल्यावर आबांनी छातीवर हात ठेवून बघितलं, म्हणाले, "वाळना." या खेपेला धडाडून पेटला. नारळ फुटला तेव्हा सगळे दचकले. आबा नाही.

बायकांनी घरी आल्यावर माझ्या बांगड्या फोडायला घेतल्या. आबा बाहेरून म्हणाले, "ऱ्हाऊ द्या तिना हातमा. काच शे, काय करस?" मंगळसूत्र मी माझ्या हाताने काढलं.

३० एप्रिल

सुतक फिटलं. तीनच दिवसांचं. मोकळं कपाळ घेऊन शाळेत गेले, निकाल लावायचा होता. मुलं बघत होती. एका पोराने विचारलं, "बाई, टिकली पडी गई का?" म्हटलं, हो.

पाटलीणबाई रस्त्यात भेटल्या. या वेळी त्या थांबल्या नाहीत. बाजूने गेल्या. मला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त लागलं ते.

आखाजी

नणंदा नाहीत, म्हणून झोका शोभाने बांधला. मी यावलला जाणार होते, नाही गेले.

आबा कुंभाराकडून नवी घागर घेऊन आले. स्वतः. कोणाला हात लावू दिला नाही. तापीचं पाणी भरलं, वर डांगर ठेवलं. आजोबांची, सासूबाईंची आणि तिसरी. निखाऱ्यावर आगारी, पितरांचा घास, टाकली. मग तिसऱ्या घागरीपुढे बसून आबा म्हणाले, "हिरामन, खारं पानी पिसन दमना व्हशी. ले, गोडं पानी पे."

घरात कोणी कोणाकडे बघितलं नाही.

संध्याकाळी घागरीतलं पाणी तुळशीला घातलं. हिरामण. लिहिलं पूर्ण. काही झालं नाही.

११ मे

मोरे सर आले. न कळवता. पुतळ्याची बातमी भोई गल्लीपर्यंत गेली असणार. भर दुपारी फाट्यापासून चालत, डोक्यावर ओला रुमाल, हातात पेढ्यांचा पुडा. पुडा उन्हाने वितळलेला. मी आत, चुलीशी. शोभा दाराआडून मला चिमटे काढत होती.

आबा ओट्यावर जाळं विणत होते. बसा म्हणाले. पाणी दिलं. सर वाकून पाया पडले तेव्हा त्यांचा चष्मा जाळ्यात अडकला, आबांनीच सोडवून दिला. कोणाचे, कुठले, वडील काय करायचे. गिरणीत. आजोबा? आजोबा पांझरेवर मासे धरायचे, पण ते लवकर गेले. हूं. गाठीवर गाठ. बापू मध्येच पाऊस यंदा लवकर येणार म्हणाला.

मग आबांनी मान वर न करता विचारलं, "मास्तर, तुम्हले पव्हता येस का?"

सर गोरेमोरे झाले. "नाही हो आबा. कधी शिकलोच नाही. पाण्याची भीती वाटते मला."

बापू फस्सकन हसला. "भोईना पोऱ्या, आनि पव्हता येस नही?"

आबा हसले नाहीत. सुई थांबली. त्यांनी सरांकडे नीट बघितलं, पहिल्यांदाच, पायापासून वर. मग म्हणाले, "मंग बरं शे."

आणि पुन्हा विणायला लागले. पोहण्यात पहिला आलेला त्यांनी एकदा पाठवला होता.

चहा उतू गेला. शोभा चिमटे काढायची थांबली होती. मी भांडं उतरवलं, चूल पुसली, पुन्हा पुसली. बाहेर जायचं होतं पण चेहरा ताब्यात नव्हता.

सर पाचच्या गाडीने गेले. निघताना दारात थांबले, मी काही बोलेन म्हणून. मी पुड्याचा दोरा गुंडाळत राहिले. जूनमध्ये शाळा उघडेल, त्याच्या आत काहीतरी ठरवावं लागेल. इथलं सोडून जायचं म्हटलं की नको वाटतं, आणि न जायचं म्हटलं तरी तेच.

पेढे पुड्यातच एकमेकांना चिकटलेत. आबांनी दोन खाल्ले.